मागून येणाऱ्याला दिसणारे दोन दिवे

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मासाची सांगता होते आणि साधू-साध्वींचे विहार पुन्हा सुरू होतात. धुळ्याहून जळगावकडे जाणारा रस्ता पारोळा आणि एरंडोल या गावांवरून जातो. सुमारे ९० किलोमीटरचे हे अंतर काही मुक्काम करीत पायी कापले जाते. पहाटे पुरते उजाडलेले नसते. पांढऱ्या वस्त्रांतील पाच-सात व्यक्ती रस्त्याच्या कडेने चालत असतात, सोबत गावातील दोन-तीन तरुण असतात, आणि त्यांच्या मागे एक मोटार माणसाच्या चालीने सरकत असते. त्या मोटारीला त्या वेळी एकच काम असते : येथे कोणी चालत आहे, हे मागून वेगाने येणाऱ्या ट्रकला वेळेवर कळवणे. ते काम इंजिन करीत नाही, पुढचे झगझगीत दिवेही करीत नाहीत. ते काम मागचे दोन तांबडे दिवे करतात.

विहारात वाहनाची धडक बसून साधू-साध्वी कालधर्म पावल्याच्या बातम्या समाजाला दुर्दैवाने नव्या नाहीत. त्यानंतर ठिकठिकाणी चकाकत्या पट्ट्यांची जाकिटे आली, झेंडे आले, विहारसेवेचे गट उभे राहिले. हे सर्व योग्यच झाले. पण विहारासोबत कोणती गाडी पाठवली जाते, याकडे सहसा लक्ष जात नाही. घरातील नवी गाडी वसुलीला किंवा लग्नकार्याला गेलेली असते. उरते ती जुनी. इंजिन उत्तम, बॅटरी ठीक, म्हणून ती निर्धास्तपणे पाठवली जाते. तिच्या मागच्या दिव्यांची काच मात्र पंधरा-वीस उन्हाळे सोसून दुधाळ झालेली असते आणि एका दिव्यात मागल्या पावसाचे पाणी साचून त्याचा हिरवट डाग पडलेला असतो. मालकाला हे ठाऊक नसते, आणि त्यात त्याचा फारसा दोषही नाही. मोटारीचा हा भाग असा आहे की गाडी चालवताना चालवणाऱ्याला तो कधीच दिसत नाही.

खानदेशातील जुन्या घरांच्या अंगणात आच्छादनाखाली जी फियाट किंवा पद्मिनी अजून उभी दिसते, ती कुर्ल्याची. सोलापूरच्या दिगंबर जैन कुटुंबात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही गोष्टी या देशात व्हाव्यात, हा त्यांचा ध्यास होता. आरंभी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी आणि पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. वालचंद १९५३ साली निवर्तले, त्यामुळे फियाट ११०० ची पुढची भरभराट त्यांनी पाहिली नाही. १९७० च्या दशकात याच गाडीचे नाव पद्मिनी झाले. गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबण्याचा तो काळ होता, आणि पेढीसमोर फियाट उभी राहिली की घराची पत वाढली असे मानले जाई. मुंबईत नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची होती. टॅक्सीसाठीची वीस वर्षांची मुदत संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. खासगी गाडीला ही मुदत लागू नाही. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नोंदणीचे नूतनीकरण करता येते, आणि त्या तपासणीत दिवेही पाहिले जातात.

या पिढीच्या गाड्यांचा एक गुण आज कौतुकास्पद वाटतो. त्यांच्या मागच्या दिव्याची काच स्क्रूने बसवलेली असते. स्क्रू काढले की काच हातात येते, आतील बल्ब, होल्डर आणि रबराचे पॅकिंग उघडे पडते. म्हणजे हा दिवा दुरुस्त व्हावा अशाच विचाराने घडवलेला आहे. पुढच्या काळातील बहुतेक गाड्यांत काच आणि मागचा डबा उष्णतेने किंवा कंपनाने एकजीव वितळवून जोडलेले असतात, किंवा काळ्या चिकट रसायनाने कायमचे बंद केलेले असतात. त्यांची गोष्ट पुढे येईल.

काच हा शब्द येथे केवळ सवयीने वापरला जातो. फार जुन्या काही गाड्यांच्या मागच्या दिव्यांना खरीखुरी तांबडी काच असे, पण गेली कित्येक दशके तेथे ॲक्रिलिक आहे. हे प्लास्टिक १९३० च्या दशकात बाजारात आले. ते रंग चांगला धरते, प्रकाश स्वच्छ जाऊ देते आणि उन्हाला इतर अनेक प्लास्टिकांपेक्षा चांगले तोंड देते. तथापि खानदेशचा वैशाख हा काही सामान्य उन्हाळा नव्हे. जळगावात पारा ४५ अंशांपर्यंत आणि कधी त्याही वर चढतो, आणि उन्हात उभ्या असलेल्या गाडीचा पत्रा हवेपेक्षा कितीतरी अधिक तापतो. त्यावर काळ्या मातीची बारीक धूळ. ही धूळ कोरड्या फडक्याने पुसली की ती फडक्याखाली घासकागदासारखे काम करते. दुकान उघडण्यापूर्वी गाडीवर रोज कोरडे फडके मारण्याची जी पद्धत घरोघरी आहे, तीच मागच्या काचेची चमक घालवते. ऊन हे दुसरे कारण.

तिसरे कारण म्हणजे पाणी, आणि बहुतेकांचा गोंधळ येथेच होतो.

दिव्यात पाणी दिसले की गॅरेजमध्ये पहिला उपाय होतो तो सिलिकॉनच्या नळीचा. काचेच्या कडेने जाड पांढरी रेघ ओढली जाते आणि काम झाले असे समजले जाते. पुढच्या पावसाळ्यात पाणी पूर्वीपेक्षा अधिक साचलेले आढळते. असे का व्हावे? दिवा लागला की आतील हवा तापते, फुगते आणि मिळेल त्या फटीतून बाहेर जाते. दिवा विझला की हवा आकसते आणि बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. प्रत्येक दिवा असा श्वास घेतच असतो. हे ठाऊक असल्यामुळेच बनवणारे डब्याच्या तळाशी एक बारीक छिद्र किंवा नळी ठेवतात. आत आलेला ओलावा तेथून निघून जातो. घाईने मारलेले सिलिकॉन नेमके हे छिद्र बुजवते. फट मात्र वरच्या बाजूला कोठेतरी शिल्लक राहते. पाणी आत येण्याची वाट उघडी आणि बाहेर जाण्याची बंद! तेव्हा दिवा पाणबंद करणे म्हणजे त्याला चहूबाजूंनी लिंपणे नव्हे. वरून पाणी येऊ नये आणि आले तर खालून जावे, एवढीच व्यवस्था पुरेशी असते. पहाटेच्या थंडीत काचेच्या आत थोडी वाफ धरली आणि गाडी चालल्यावर ती गेली, तर त्यात चिंतेचे काही नाही. पाणी हलताना दिसले तर मात्र काच उघडावी.

काच उघडण्याआधी एक गोष्ट पाहावी, आणि जैन घरात ती वेगळी सांगावी लागू नये. जुन्या दिव्याच्या उबदार पोकळीत कोळी, मुंग्या, कधी मातीचे घर करणारी माशी वस्तीला असते. जयणेने, मऊ ब्रशाने त्यांना बाहेर पडू द्यावे, मग पाण्याला हात लावावा. नीट बसलेल्या पॅकिंगचा एक लाभ हाही आहे की दिव्याकडे झेपावणारे किडे आत जाऊन जळत नाहीत.

गंजलेले स्क्रू जोर लावून फिरवू नयेत. गंज सोडवणाऱ्या तेलाचे दोन थेंब टाकून रात्रभर ठेवावेत. ॲक्रिलिक जुने झाले की ठिसूळ होते, आणि स्क्रूच्या छिद्रापाशी गेलेली तड हीच काच बदलावी लागण्याची नेहमीची सुरुवात असते. तेल काचेवर ओघळू देऊ नये. काच सुटल्यावर ती कोमट पाण्यात साध्या साबणाने धुवावी. पेट्रोल, थिनर आणि ॲसिटोन या तिघांना तिच्याजवळ फिरकू देऊ नये. हात लागताच सगळे स्वच्छ झाल्यासारखे वाटते, पण त्यामुळे ॲक्रिलिकमध्ये केसासारख्या असंख्य तडा उमटतात आणि त्या पॉलिशने कधीच जात नाहीत.

दुधाळपणा फक्त बाहेरच्या पृष्ठभागावर असेल तर तो जातो. वॉटर पेपर भरपूर पाण्यात भिजवून आधी १००० क्रमांकाचा, मग १५००, शेवटी २००० चा, असा क्रमाने फिरवावा. एका क्रमांकाने उभे घासले तर पुढच्याने आडवे घासावे, म्हणजे आधीच्या रेघा गेल्या की नाही ते समजते. काच मध्यंतरी पूर्वीपेक्षाही वाईट दिसू लागेल. त्या वेळी धीर सोडू नये. शेवटी रबिंग कंपाउंड आणि मऊ सुती कापड. यंत्राचा बफ वापरायचा तर तो एका जागी थांबवू नये, कारण ॲक्रिलिक १०० अंशांच्या आसपास मऊ पडते आणि घर्षणाने तेवढी उष्णता सहज निर्माण होते. त्यावर मोटारीचे मेण लावावे, आणि पुढे रोजचे कोरडे फडके बंद करून आधी पाणी, मग कापड असा क्रम ठेवावा. हाताने दोन्ही काचांना एक दुपार लागते.

आतल्या बाजूला मात्र पेपर चुकूनही लावू नये. तेथे बोटाला जाणवणारे उंचवटे हे शोभेचे नक्षीकाम नव्हे. काही रेघा बल्बचा प्रकाश पसरवण्यासाठी असतात. ज्या भागात मधमाशीच्या पोळ्यासारखी बारीक जाळी दिसते, तो रिफ्लेक्टर. मागून आलेल्या गाडीचा प्रकाश तो जसा आला तसा तिच्याच दिशेने परत पाठवतो. गाडी बंद असो, बॅटरी उतरलेली असो, बल्ब गेलेला असो, रिफ्लेक्टरला कशाचीच गरज लागत नाही. फक्त त्याच्या मागे हवा असावी लागते. प्लास्टिक आणि हवा यांच्या सीमेवरून प्रकाश पूर्णपणे परततो. त्या जाळीत पाणी भरले तर तो बराचसा आत निसटून जातो आणि रिफ्लेक्टर काळा पडतो. दिवा पाणबंद ठेवण्याचे खरे कारण हे आहे. बल्ब ओल्या डब्यातही कित्येक महिने जळत राहतो आणि मालकाची समजूत होते की सर्व ठीक आहे. रात्री पारोळ्याजवळ टायर बदलण्यासाठी गाडी कडेला बंद करून उभी केली, की उणीव उघडी पडते. कापसाच्या हंगामात त्याच रस्त्यावर दिवे नसलेल्या ट्रॉल्याही असतात, आणि रावेर-यावलची केळी घेऊन निघालेले ट्रक रात्रीच धावतात.

डब्याच्या आतील चंदेरी मुलामा हा ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर असतो. तो पुसायचा नाही, फक्त पाण्याने हलकेच खंगाळायचा. घासला की तो कापडावर येतो. ज्या जुन्या गाड्यांत आतून नुसता रंग दिलेला असतो, तेथे पांढरा किंवा चंदेरी रंग पुन्हा देता येतो.

पॅकिंगबाबत काटकसर नडते. जुने रबर दगडासारखे कडक झालेले असते, त्यावर सिलिकॉन चोपडून काही साधत नाही. तयार पॅकिंग धुळ्याच्या सुट्या भागांच्या दुकानांत कधी मिळते, कधी नाही. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही मोठे रस्ते या शहरात एकमेकांना छेदतात, त्यामुळे जुन्या गाड्यांचे कारागीर आणि सामान येथे इतरत्रच्यापेक्षा अधिक आढळते. न मिळाल्यास रबर-फोमच्या दुकानातून पातळ पत्रा आणून जुन्या मापाने कापावा. फोम निवडताना त्याचा तुकडा पाण्यात बुडवून पिळून पाहावा. पाणी गळले तर तो स्पंज आहे, दिव्याच्या कामाचा नाही. पॅकिंग सर्वत्र टेकते का, हे पाहण्याची सोपी युक्ती आहे : काचेच्या कडेला खडूची पूड लावून काच बसवावी, स्क्रू आवळून पुन्हा काढावी. पॅकिंगवर जेथे पांढरे उमटले नाही, तेथून पाणी येणार. स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळावेत. एकच स्क्रू गच्च केला की काच फाटते.

सिलिकॉन लागलेच तर ते कोणते, याला महत्त्व आहे. उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे सिलिकॉन स्वस्त असते, पण सुकताना त्यातून निघणारे आम्ल पितळी होल्डर आणि तारांची टोके खाते. ‘न्यूट्रल’ असे लिहिलेले घ्यावे. ते हवेतील ओलाव्यावर सुकते, म्हणून खानदेशच्या कोरड्या उन्हाळ्यात वेळ अधिक लागतो. दोन दिवस गाडी धुऊ नये. तरीही हे काम मृगापूर्वी, कोरड्या हवेतच करावे. भर श्रावणात काच बंद केली तर दमट हवाच आत कोंडली जाते. फेविक्विकने तड जोडण्याचा मोह आवरावा, कारण त्याच्या वाफेने आजूबाजूची काच पांढरी पडते. बारीक तडेसाठी ॲक्रिलिकच्या पाट्या बनवणाऱ्या कारागिराकडे जावे. प्लास्टिक विरघळवून जोडणारे पातळ द्रावण त्याच्याजवळ असते आणि ते तडेत स्वतःच शिरते.

सगळे करूनही दिवा मंद वाटला तर दोष काचेत नसतो. मागच्या दिव्यातील दुहेरी बल्बमध्ये ५ वॅटची एक तार नेहमीच्या दिव्यासाठी आणि २१ वॅटची दुसरी ब्रेकसाठी असते. त्यांना वीज पोहोचते ती होल्डरमधून आणि परत जाते ती गाडीच्या पत्र्यातून. ओलाव्याने पत्रा गंजला की ही परतीची वाट अडते. विजेचा दाब एक दशांश उतरला तर बल्बचा प्रकाश सुमारे तीन दशांश उतरतो, हा हिशेब व्यापाऱ्याच्या मनाला पटणारा नाही, पण खरा आहे. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटरही मंदपणे पेटत असेल, तर अर्थिंग खराब झाले असे बहुधा समजावे. गंज पत्र्यापर्यंत घासून, स्क्रू नवा घालून, वरून व्हॅसलिनचा हात फिरवावा. बल्ब बदलून हे दुखणे जात नाही, तरी बहुतेक ठिकाणी आधी बल्बच बदलला जातो.

कोठे थांबावे, हेही समजले पाहिजे. तांबडा रंग विटून गुलाबी झाला असेल तर पॉलिशने तो परत येत नाही, काच बदलावी. वरून रंग फवारून विटलेपण झाकणे ही दिव्याची फसवणूक होय. नव्या गाड्यांचे एकजीव वितळवलेले दिवे उघडायचे तर कापावे लागतात. कापून पुन्हा चिकटवलेला दिवा क्वचितच पाणबंद राहतो, तेव्हा तो सरळ बदललेला परवडतो. चिकट रसायनाने बंद केलेले दिवे हीट गनने हळूहळू तापवून उघडतात, पण त्यासाठी सरावलेला हात लागतो, कारण रसायन सुटण्याची आणि प्लास्टिक वाकण्याची उष्णता यांत अंतर थोडे असते. काळपट फिल्म लावून दिवे ‘शोभिवंत’ करणाऱ्या नातवंडांना मात्र घरातील वडीलधाऱ्यांनी स्पष्ट नकार द्यावा.

दुरुस्तीनंतरची परीक्षा दोन प्रकारची. पहिली पाण्याची : काचेच्या आत कोरड्या वर्तमानपत्राचा तुकडा ठेवून स्क्रू लावावेत, वरून तांब्याने पाच मिनिटे पाणी सोडावे, आणि उघडून कागद चाचपावा. या वेळी दिवा लावू नये आणि कागद आठवणीने काढावा. दुसरी परीक्षा रस्त्याची. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे मागचा तांबडा दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे. हे अंतर साधारण दोनशे पावलांचे आहे. सूर्यास्तानंतर गावाबाहेरच्या एखाद्या मोकळ्या, रहदारी नसलेल्या रस्त्यावर गाडी उभी करावी. एकाने आत बसावे आणि दुसऱ्याने मागे दोनशे पावले चालत जाऊन वळून पाहावे. दोन्ही दिवे सारखे दिसतात का, ब्रेक दाबल्याचा फरक तेथून स्पष्ट कळतो का, हे त्याने सांगावे. मग गाडीचे सर्व दिवे बंद करावेत आणि त्याने तेथूनच हातातील टॉर्च डोळ्यांच्या उंचीवर धरून गाडीकडे रोखावी. दोन तांबडे ठिपके परत चमकले, की ती गाडी पहाटेच्या विहारामागे पाठवण्यास योग्य झाली.